छायाचित्रातला रंग कोण ठरवते?

एकाच जास्वंदीची दोन मोबाइलवर काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवली, तर लाल रंगातला फरक चटकन डोळ्यांत भरतो. तीच छायाचित्रे वेगवेगळ्या दिवशी पाहिली, तर बहुधा दोन्ही ‘बरोबर’ वाटतात. डोळा तुलनेत तरबेज, पण रंग लक्षात ठेवण्यात कच्चा! मग खरा लाल कोणता? यासाठी आपल्याला १८६१ सालात डोकावायला हवे.

त्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत फितीचे छायाचित्र दाखवले. टॉमस सटन यांनी ते लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून वेगवेगळे टिपले होते. त्या प्रतिमा त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकमेकींवर पाडल्या आणि रंग अवतरले. गंमत अशी, की सटन यांच्या काचेवरील लेपाला लाल प्रकाश जाणवतच नव्हता! उलगडा झाला १९६१ मध्ये. फितीचा लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करीत होता. ते लाल गाळणीतून पार झाले आणि ‘लाल’ म्हणून नोंदले गेले.

पुढे १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायर यांना एका जाळीचे पेटंट मिळाले. तिच्यात दर चार बिंदूंपैकी दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने काढले जातात. बहुतेक मोबाइलमध्ये आजही याच तत्त्वाची जाळी असते. नंतर पांढरा कशाला म्हणायचे, सावली किती उजळायची, हे कंपनीच्या आज्ञावलीने ठरते. म्हणून दोन मोबाइल दोन लाल दाखवतात.

हा प्रश्न फुलापुरता नाही. फिल्मच्या काळात कोडॅकच्या ‘शर्ली कार्डा’वर गोरी तरुणी असे. तिची कांती नीट छापली गेली, की रंग जुळले असे मानत. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे मात्र हरवत. २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल ६ मध्ये गडद कांतीसाठी खास सुधारणा आणल्या. म्हणजे ‘बरोबर’ रंगाचा मापदंड माणसेच ठरवतात आणि ती तो बदलूही शकतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताचे छायाचित्र काढावे आणि त्याच उजेडात मोबाइलचा पडदा हाताशेजारी धरावा. छायाचित्र उजळ आले, की फिकट? हे हात पाहूनच ठरवावे. छायाचित्र कितीही देखणे असले, तरी साक्षीदार हातच.