नावात न आलेला लव्हाळा

मंडळी, मुंबईच्या जुन्या जागांची नावं एकदा ओळीनं म्हणून पाहा. चिंचपोकळी, वडाळा, फणसवाडी, उंबरखाडी. चिंच, वड, फणस, उंबर, सगळ्यांना मान मिळाला. उंबरखाडीत आता खाडी नाही, तीही नावात तरी राहिली. खाडीकाठच्या लव्हाळ्याचं नाव मात्र मुंबईत कुणी वस्तीला दिलेलं माझ्या ऐकिवात नाही.

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. शाळेत मी मुलांना एक सोपी खूण सांगत असे. काडी दोन बोटांत फिरवून बघा. गवताची काडी गोल, पेरं असलेली. लव्हाळ्याची बहुधा तीनधारी आणि आतून भरीव. नागरमोथा याच कुळातला. त्याचे सुगंधी कंद आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो आणि शेतकरी त्याच कंदांना शिव्या देतो, कारण कितीही खणले तरी ते पुन्हा फुटतात.

मुंबई मुळात सात बेटांची. १७८०च्या दशकात गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत महालक्ष्मी आणि वरळीमधल्या खिंडारावर बांध पडला. भरतीचं पाणी अडलं, चिखलाची हळूहळू जमीन झाली. जमीन कुणी मिळवली याची नोंद लगेच झाली. इथे काय उगवतं याची पद्धतशीर नोंद व्हायला मात्र बराच काळ जावा लागला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिसंग्रह सुरू केला. वाळवलेली काडी कागदावर चिकटवायची, खाली जागा आणि तारीख लिहायची. माझ्या लेखी हा बखरीइतकाच इतिहास आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी फुगली. पुढे नदी रुंद केली, काठाला भिंती बांधल्या. भिंत उभी राहिली की लव्हाळ्याच्या मुळांना धरायला चिखलच उरत नाही. तुकोबांनी पुरात तगणारा म्हणून ज्याचा दाखला दिला, त्याचा काँक्रीटपुढे इलाज चालत नाही.

असो. पावसाळ्यात मैदानाच्या कडेला, पाणी साचतं तिथे तो अजून भेटतो. नातवंडांना घेऊन जा. एक काडी वहीत दाबून ठेवा आणि खाली जागा नि तारीख लिहायला विसरू नका.