देवाचे नाव आणि दिलेला शब्द

मंत्रिमंडळाचा शपथविधी आपण आकाशवाणीवर ऐकतो, दूरदर्शनवर पाहतो. बहुतेक जण ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेतात. मधूनच एखादा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करतो. ऐकणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. पण या दुसऱ्या शब्दासाठी एका माणसाने इंग्लंडात सहा वर्षे झुंज दिली होती, आणि त्या माणसाचा आपल्या मुंबईशीही संबंध आला होता.

त्यांचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. उघड नास्तिक. १८८० साली नॉर्दम्प्टनमधून ते पार्लमेंटवर निवडून आले. नॉर्दम्प्टन हे बूट-जोडे बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. सभासदाने देवाच्या नावाने शपथ घ्यावी असा रिवाज होता. ब्रॅडलॉ म्हणाले, मला नुसते दृढकथन करू द्या. कोर्टात साक्षीदार म्हणून मला तशी मुभा आहेच. सभागृहाने नकार दिला.

गंमत अशी, की ही पळवाट मुळात नास्तिकांसाठी नव्हतीच. क्वेकर नावाच्या अतिशय धार्मिक पंथाची माणसे, बायबल शपथ घेऊ नका म्हणते म्हणून शपथ घेत नसत. त्यांच्यापैकी जोसेफ पीझ १८३३ साली दृढकथन करून पार्लमेंटमध्ये बसले होते. म्हणजे फार श्रद्धा असणाऱ्याला दार उघडे, श्रद्धा नसणाऱ्याला बंद!

नकार मिळताच ब्रॅडलॉ शपथ घ्यायला तयार झाले, आणि त्यातले देवाविषयीचे शब्द माझ्या लेखी निरर्थक आहेत असे पत्रही त्यांनी जाहीर केले. इथे त्यांचे डावपेच चुकले असे मला वाटते. विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. ज्याला शब्द निरर्थक वाटतात त्याला शपथ तरी कशी घेऊ द्यायची, असा त्यांचा सवाल. जून १८८० मध्ये ब्रॅडलॉंना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात, म्हणजे आपण ज्याला बिग बेन म्हणतो तिथे, एक रात्र कैदेत ठेवले. ऑगस्ट १८८१ मध्ये तर पोलिसांनी आणि शिपायांनी त्यांना सभागृहाबाहेर ओढत नेले. जागा रिकामी ठरवली की पोटनिवडणूक लागायची, आणि नॉर्दम्प्टनचे मतदार पुन्हा त्यांनाच पाठवायचे. १८८१, १८८२, १८८४, पुन्हा १८८५. त्या मतदारांत नास्तिक किती असतील? पण आपला प्रतिनिधी कोण असावा हे आपण ठरवू, एवढे त्यांना पक्के कळत होते.

पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः कमालीचे धर्मनिष्ठ. तरी १८८३ साली सर्वांना दृढकथनाची मुभा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. विधेयक अवघ्या तीन मतांनी पडले. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभापतींनी कुणाचीही हरकत न ऐकता ब्रॅडलॉंना शपथ घेऊ दिली. पुढे १८८८ चा शपथ कायदा त्यांनीच मंजूर करून घेतला. त्याच साली इकडे पुण्यात आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला.

डिसेंबर १८८९ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला ब्रॅडलॉ आले. त्याआधी ते फार आजारी होते. हिंदुस्थानचे प्रश्न पार्लमेंटमध्ये इतक्या नेटाने मांडत, की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. १८९१ साली ते वारले, तेव्हा लंडनमध्ये शिकणारे तरुण गांधी त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. गांधींना नास्तिकपणाचे आकर्षण मुळीच नव्हते. तरीही ते गेले.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत गेला. गंगाजलावर किंवा कुराणावर शपथ घ्यायची सक्ती झाल्याने साक्षी अडतात, म्हणून कंपनी सरकारने १८४० साली ती बंद केली आणि दृढकथन आणले. पण त्यातही ‘सर्वशक्तिमान देवाच्या समक्ष’ हे शब्द होतेच. १८७३ च्या कायद्याने, ज्याला शपथेची हरकत असेल त्या कुणालाही दृढकथन खुले केले.

मग घटना समिती. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी एच. व्ही. कामत यांनी सुचवले, की सरनाम्याची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, मग देवीने काय केले? आम्ही शाक्त, देवीचेही नाव हवे! हशा-बिशा ठीक, पण मुद्दा बिनतोड होता. एकदा नाव घालायचे ठरले, की कुणाचे, हा तंटा आलाच. पट्टम थाणू पिळ्ळै यांनी ही श्रद्धेची सक्ती होईल असे बजावले. हृदयनाथ कुंझरूंनी दाखवून दिले, की सरनामाच विचार, श्रद्धा आणि उपासनेचे स्वातंत्र्य देतो, त्याच्याशी हे विसंगत आहे. पूर्णिमा बॅनर्जींनी तर विनवले, की देवावर मतदान करण्याचा प्रसंग आमच्यावर आणू नका.

कामत हटले नाहीत. मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. त्या ६८ जणांत नियमित पूजाअर्चा करणारे पुष्कळ असणार. तिसऱ्या अनुसूचीत मात्र शपथ आणि दृढकथन दोन्ही राहिले, आणि निवड करताना कारण सांगायचे बंधन कुणावर ठेवले नाही.