वृद्धांचे पित्तविकार आणि धोक्याचें मोजमाप

‘साठी उलटली, आतां चिरफाड कशाला?’ हा प्रश्न मुळशी तालुक्यांतील कोळवणसारख्या गांवीं सहज कानीं पडतो. आजोबांच्या उजव्या बरगडीखालीं कळ उठते, दोन उलट्या होतात, ओवा चावून दुखणें शमतें आणि ‘पित्त झालें’ म्हणून विसरलें जातें. त्या प्रश्नामागें माया असते. परंतु वय हाच काय तो धोका, असें गृहीतही असतें. वैद्यकानें हें गृहीत कसकसें पारखून पाहिलें, याचा इतिहास उद्बोधक आहे.

पित्त यकृतांत तयार होतें, पित्ताशयांत सांठतें आणि नलिकेनें आंतड्यांत उतरतें. स्वादुपिंडाचा रसही बहुधा त्याच द्वारानें येतो. त्या अरुंद वाटेंत खडा अडकला, कीं एकीकडे कावीळ व नलिकेंत पू, तर दुसरीकडे स्वादुपिंडाचा दाह, असे दोन्ही अनर्थ ओढवूं शकतात. १८७७ सालीं फ्रेंच वैद्य शार्को यांनीं पित्तनलिका पिकल्याचीं तीन लक्षणें सांगितलीं : ताप, कावीळ व पोटदुखी. वृद्धांत मात्र हीं तिन्ही कित्येकदां एकत्र दिसत नाहींत. म्हातारा माणूस अन्न टाकतो, असंबद्ध बोलूं लागतो, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालें.’

१५ जुलै १८८२ रोजीं बर्लिन येथें कार्ल लांगेनबुख यांनीं पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण ४३ वर्षांचा होता व सोळा वर्षें कळा सोशीत आला होता. तो बरा झाला. तरी त्या काळीं वृद्धास शस्त्र लावण्यास वैद्य कचरत, आणि तें रास्तच होतें. रक्तपेढी नव्हती, जंतूंवर आजची औषधें नव्हतीं.

धोका केवळ रोग्याच्या देहांत नसतो, हें पुण्यानेंही पाहिलें आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करीत असतां विजेचे दिवे गेले व उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. रोग्याची प्रकृति एक, आणि भोंवतालची परिस्थिति दुसरी. १९४१ सालीं अमेरिकेंतील साक्लाड, रोव्हनस्टाइन व टेलर या भूलतज्ज्ञांनीं हाच भेद मानला. शस्त्रक्रियेचा सगळा धोका एका आंकड्यांत मावत नाहीं. सबब आधीं प्रकृति तेवढी तोलावी, असें ठरवून त्यांनीं तिच्या पायऱ्या केल्या. त्या पायऱ्यांत वयाची अट नव्हती.

पुढें १९७४ सालीं न्यूयॉर्क येथें रॅन्सन यांनीं स्वादुपिंडाच्या दाहाची तीव्रता ओळखण्यास अकरा खुणा दिल्या. वय ५५ च्या वर असणें ही त्यांतील केवळ एक. पित्तनलिकेच्या दाहासाठीं २०१३ च्या टोकियो नियमांत मध्यम पायरीच्या पांच खुणा आहेत. ७५ वर्षें पूर्ण होणें ही त्यांपैकीं एक, पण पायरी चढण्यास दोन खुणा लागतात. श्रोत्यांच्या ध्यानांत येईल, कीं वय साक्षीदार म्हणून उभें राहिलें. न्यायाधीश म्हणून नव्हे.

दरम्यान उपायही सौम्य झाले. १९७४ मध्येंच जर्मनींत क्लासेन व जपानांत कावाई यांनीं तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचें मुख रुंदावलें, आणि पोट न चिरतां खडे काढण्याची वाट मोकळी झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनीं १९९० सालीं दुर्बिणीनें पित्ताशय काढण्यास प्रारंभ केला. अर्थात् प्रत्येक वृद्धावर शस्त्रक्रिया करावी, असा याचा अर्थ नव्हे. हृदय, मूत्रपिंड, मधुमेह, पोषण, स्मरणशक्ति व रक्त पातळ करणारीं औषधें पाहून कधीं केवळ पू वाहता करणें आणि थांबणें हेंच शहाणपण ठरतें. मात्र पुढें ढकललेली शस्त्रक्रिया पू झाल्यावर तातडीनें करावी लागली, तर धोका पुष्कळ वाढतो.

बळ मोजण्याच्या रीतीही साध्या आहेत. १९९१ मध्यें पॉडसिआड्लो व रिचर्डसन यांनीं एक चाचणी सुचविली : खुर्चीवरून उठावें, तीन मीटर चालावें, वळून परत येऊन बसावें, आणि लागलेला वेळ मोजावा. २००५ सालीं कॅनडांतील रॉकवूड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुर्बलतेची मोजपट्टी दिली. तींत पाहावयाचें तें आजारापूर्वींचें जिणें : माणूस स्वतः स्नान करी काय, बाजारहाट करी काय, कोणाच्या आधारानें चाले काय?

आणि येथेंच कोळवणच्या घराचें महत्त्व येतें. डॉक्टरांस दिसतो तो खाटेवर निपचित पडलेला देह. तोच माणूस पंधरा दिवसांपूर्वीं भातखाचराच्या बांधावरून एकटा हिंडत होता, कीं ओसरीही उतरत नव्हता, हें घरच्यांसच ठाऊक असतें. कावीळ दिसली, हुडहुडी भरली वा बोलणें भरकटलें, तर त्याच दिवशीं वृद्धास रुग्णालयांत न्यावें. तेथें वयाबरोबर ही हकीकतही सांगावी. निर्णयाच्या तराजूंत तिचें वजन मोठें असतें.