तांडेलाच्या केबिनमधली यंत्रे : डेक्कापासून ट्रान्सपॉन्डरपर्यंत

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराच्या पायाभरणीबरोबर आणखी एका योजनेचा प्रारंभ झाला. बंदराच्या गाजावाजात तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. देशातील १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक आणि मोटार बसवलेल्या मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ही योजना आहे. खर्च सुमारे ३६० कोटी रुपयांचा, तंत्र इस्रोचे, आणि नौकामालकाला यंत्र मोफत. वर्षानुवर्षे समुद्रात वावरलेल्या जुन्या नौकांच्या केबिनमध्ये, जुन्या यंत्रांच्या शेजारी, आता हे नवे यंत्र जाऊन बसत आहे. जुनी यंत्रे तेथे कशी आली आणि एकामागून एक निकामी का ठरत गेली, हा इतिहास सागरी विज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो.

त्याचा आरंभ विजेपासून नव्हे, इंजिनापासून होतो. १९५२ साली भारत आणि नॉर्वे यांच्यात झालेल्या करारानंतर केरळातील कोल्लमजवळच्या नीण्डकरा येथे यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प उभा राहिला. शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीने जात असे आणि सहसा ओळखीच्या खुणांच्या टप्प्यात राहत असे. डोंगराचा माथा, देवळाचे शिखर, दीपगृह यांपैकी दोन खुणा एका रेषेत आल्या की तांडेलाला जागा कळे. इंजिनाने नौका या खुणांच्या पलीकडे नेली. हाताशी उरले होकायंत्र, खोली मोजण्याचा शिसाचा ओळंबा आणि रात्रीचे तारे. मात्र इंजिनाबरोबर नौकेवर बॅटरीही आली, आणि पुढच्या सगळ्या यंत्रांचा संसार तिच्यावरच उभा राहिला.

त्याच काळात मोठ्या जहाजांवर रेडिओने दिशा शोधण्याची विद्या रुळत होती. १९४४ च्या नॉर्मंडी चढाईत प्रथम कामास आलेली ब्रिटिश ‘डेक्का’ प्रणाली हे तिचे उत्तम उदाहरण. किनाऱ्यावरील एक मुख्य आणि दोन-तीन दुय्यम केंद्रे अचूक मेळ साधून रेडिओलहरी सोडत. जहाजावरील यंत्र त्या लहरींच्या कलांतील फरक मोजी, आणि नकाशावर छापलेल्या वक्ररेषांच्या छेदावर जहाजाची जागा मिळे. भारतातही मुंबई आणि कोलकात्याच्या बाजूंना डेक्काच्या केंद्रसाखळ्या होत्या. पुढे त्यांची जागा लोरान-सी या प्रणालीने घेतली. ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा ही पश्चिमेकडील केंद्रे तिचीच. डेक्का कंपनी आपले यंत्र विकत नसे, भाड्याने देत असे. छोट्या मच्छीमाराच्या हिशेबात असले भाडे बसणे अवघडच, त्यामुळे ही विद्या मुख्यतः व्यापारी जहाजांची राहिली. ब्रिटनमधील डेक्काची केंद्रे २००० साली बंद झाली, अमेरिकेने आपली लोरान-सी केंद्रे २०१० साली बंद केली. त्या दिवसापर्यंत बिनचूक चालणारी हजारो ग्राही यंत्रे दुसऱ्या दिवशी केबिनमधली अडगळ झाली. एकाही यंत्रात बिघाड झाला नव्हता.

नौकेचे लाकूड कुजते, लोखंड गंजते, इंजिनाचे पिस्टन झिजतात. ही म्हातारपणे मालकाला दिसतात. रेडिओयंत्राचे म्हातारपण मात्र बहुधा नौकेबाहेर, कुठल्या तरी दूरच्या कार्यालयात ठरते. पुढच्या तीस वर्षांत याचा प्रत्यय वारंवार आला, आणि दर वेळी तो तोट्याचाच होता असेही नाही.

जीपीएसचे उदाहरण घ्यावे. १९९५ साली ही अमेरिकी प्रणाली पूर्ण क्षमतेने चालू झाली आणि तिची ग्राही यंत्रे भराभर स्वस्त होत मासेमारी नौकांवरही पोहोचली. चार उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि ग्राही यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाची चूक ही चार अज्ञाते सुटतात. परंतु नागरी वापरासाठीच्या संकेतात लष्करी कारणास्तव जाणूनबुजून चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शके. पाण्याखालच्या खडकाशी लावलेले जाळे शोधणाऱ्याला १०० मीटर फार होतात. २ मे २००० रोजी, भारतात सकाळचे साडेनऊ वाजण्याच्या सुमारास, अमेरिकेने ही भेसळ थांबवली. त्या क्षणी समुद्रात असलेल्या प्रत्येक नौकेवरचे जुनेच यंत्र कित्येक पटींनी अचूक झाले. कुणी एक स्क्रूही फिरवला नव्हता.

उलट प्रकार १९ वर्षांनी घडला. जीपीएसचे मूळ संकेत आठवड्यांची मोजणी १० द्विमान अंकांत करतात, म्हणजे ० ते १०२३. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते. असा फेरा प्रथम ऑगस्ट १९९९ मध्ये पूर्ण झाला आणि दुसऱ्यांदा ७ एप्रिल २०१९ रोजी, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला. ज्या जुन्या यंत्रांच्या आज्ञावलीत याची तरतूद नव्हती, त्यांना आपण १९९९ सालात परतलो आहोत असे वाटू लागले. जागा पुष्कळदा बरोबर येई, तारीख मात्र चुकीची, आणि तारखेवरून काढलेली भरती-ओहोटीची वेळही चुकीची. भरतीच्या हिशेबाने खाडीत शिरणाऱ्या नौकेच्या दृष्टीने ही चूक साधी नव्हे.

संकटसूचक बीकनांची गोष्टही याच जातीची. १२१.५ मेगाहर्ट्झवर हाक देणारे बीकन जहाजांवर, विमानांवर आणि खासगी नौकांवर अनेक वर्षे होते. त्या हाकेत नौकेची ओळख नसे, जागेचा अंदाज ढोबळ असे आणि खोट्या हाकांचा सुकाळ असे. म्हणून आंतरराष्ट्रीय कॉस्पास-सारसॅट व्यवस्थेने १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांद्वारे ती लहर ऐकणे बंद केले आणि ४०६ मेगाहर्ट्झवरील अंकीय बीकनच मान्य ठेवले. बेंगळुरू आणि लखनऊ येथील भारतीय केंद्रे याच व्यवस्थेचा भाग आहेत. निर्णय योग्यच होता. तरीही जुन्या बीकनावरचा दिवा त्यानंतरही लुकलुकतच राहिला असणार, आणि आकाशात त्याचे ऐकणारे कुणी उरले नव्हते, ही कल्पना अस्वस्थ करणारी आहे.

भारतात या प्रश्नाला निराळी धार आली ती नोव्हेंबर २००८ मध्ये. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून आणली होती. तपासात तिच्यावर जीपीएस यंत्र आणि उपग्रह दूरध्वनी सापडला. २० मीटरहून लांब नौकांना स्वयंचलित ओळख यंत्रणा बसवणे त्यानंतर बंधनकारक झाले. आपल्याकडील बहुसंख्य मासेमारी नौका त्याहून आखूड आहेत. म्हणजे सर्वांत मोठी संख्या नियमाच्या खालीच राहिली.

ही उणीव किती खोल होती हे ओखी चक्रीवादळाने दाखवले. २९ नोव्हेंबर २०१७ च्या सुमारास श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊ लागला आणि ३० तारखेला कन्याकुमारीच्या दक्षिणेस त्याचे चक्रीवादळ झाले. कन्याकुमारी जिल्ह्यातील आणि केरळातील खोल समुद्रात जाणारे मच्छीमार त्याआधीच कित्येक दिवस बाहेर पडलेले होते. त्यांच्या नौकांवर जीपीएस होते. आपण कुठे आहोत हे त्यांना अचूक कळत होते. वादळ कुठे आहे हे सांगणारे मात्र कुणी नव्हते. मोबाइलची हाक किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरच्या पुढे पोहोचत नाही. व्हीएचएफ रेडिओ पृथ्वीच्या वक्रतेने अडतो. त्याचा हिशेब सोपा आहे : अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढावे, त्याला ४.१ ने गुणावे, आणि दोन्ही टोकांच्या उत्तरांची बेरीज करावी. किनाऱ्यावर ६० मीटरचा मनोरा आणि नौकेवर ५ मीटरचा खांब धरला तर सुमारे ४१ किलोमीटर येतात. टुना मासळीच्या मागे ३०० सागरी मैल, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. त्या वादळात शेकडो मच्छीमार मृत वा बेपत्ता झाले. केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ अशा ६८ नौका भरकटत उत्तरेकडे आल्या आणि ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांना दरम्यान काहीच ठाऊक नव्हते.

संकटाची हाक देणारे यंत्र तोवर नव्हतेच असे नाही. इस्रो आणि तटरक्षक दल यांनी आणलेला संकटसूचक प्रेषक २०१० पासून वापरात होता आणि अशी २० हजारांहून अधिक यंत्रे नौकांवर गेली. आग, नौका बुडणे, माणूस पाण्यात पडणे, वैद्यकीय मदत यांसाठी बटणे असत. संदेश दळणवळण उपग्रहामार्गे नियंत्रण केंद्रात जाई आणि तेथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे. पण हा रस्ता एकेरी होता. बटण दाबणाऱ्याला आपली हाक ऐकली गेली की नाही हे कळत नसे. आग लागलेल्या नौकेवर थांबायचे की पाण्यात उडी घ्यायची, हा निर्णय त्या एका माहितीवर अवलंबून असू शकतो.

ओखीनंतर जी यंत्रे आली तीही एकेरीच होती, फक्त दिशा उलट. भारतीय नाविक उपग्रहांच्या संकेतात लहान संदेश मिसळून ते नौकांवर पोहोचवण्याची सोय इस्रोने केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे ‘जेमिनी’ यंत्र आले. विमानांसाठी उभारलेल्या ‘गगन’ प्रणालीच्या उपग्रहांमार्गे ते वादळाचे, उंच लाटांचे आणि मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचे संदेश घेई आणि ब्लूटूथने खिशातल्या मोबाइलवर दाखवी. किंमत सुमारे ९ हजार रुपये. ऐकता येई, बोलता येत नसे. म्हणजे काही काळ एका नौकेवर हाक देणारे पण बहिरे यंत्र आणि ऐकणारे पण मुके यंत्र शेजारी शेजारी टांगलेले असू शकत होते.

जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रेषकाने पोच देण्याची सोय आणली आणि आताच्या ट्रान्सपॉन्डरने दुहेरी संदेश शक्य केले. त्यामागचे भौतिकशास्त्र सुंदर आहे. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत लहान यंत्राची क्षीण हाक पोहोचवायची तर दोहोंपैकी एका टोकाची अँटेना मोठी हवी. नौकेवर ती मावत नाही. म्हणून २०१५ साली सोडलेल्या जीसॅट-६ वर आकाशात छत्रीसारखी उलगडणारी ६ मीटर व्यासाची अँटेना बसवली गेली. मोठेपणा वर गेला म्हणून खालची पेटी आटोपशीर राहिली. ‘नभमित्र’ या नावाने तिचे प्रात्यक्षिक २०२३ मध्ये झाले, तेही नीण्डकऱ्याला.

आता ही पेटी जुन्या नौकेवर बसवणे. या कामाला बातम्यांत जागा मिळत नाही, आणि पुष्कळ यंत्रे हरतात ती इथेच. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून १० मीटरवर केबिन आहे आणि तार १ चौरस मिलिमीटरची आहे असे धरू. जाऊन-येऊन २० मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.३४ ओहम होतो. २५ वॉटचा व्हीएचएफ संच बोलताना साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे १.७ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि संचाला मिळतात १०.३. ऐकू तर येते, बोलायला गेले की संच बंद पडतो, आणि दोष यंत्राला लागतो. तार ४ चौरस मिलिमीटरची घातली तर ही तूट अर्ध्या व्होल्टच्याही खाली येते. त्यात खाऱ्या हवेने हिरवी पडलेली जोडणी असली की रोध आणखी वाढतो. म्हणून कथिल चढवलेली तार आणि बंदिस्त जोड हवेत. इंजिन सुरू होताना दाब क्षणभर कोसळतो, तेव्हा नाविक यंत्रांना वेगळी बॅटरी असलेली बरी. संचाचा ध्वनिक्षेपक होकायंत्राजवळ ठोकला तर त्याचे चुंबक सुई वळवते. नवे यंत्र बसवून सर्वांत जुने आणि सर्वांत भरवशाचे यंत्र बिघडवण्याचा हा हमखास मार्ग आहे.

तारा नीट ओढल्या तरी आकाशाचा प्रश्न उरतोच, आणि या वेळी ते आकाश आपले आहे. २०१३ ते २०१६ दरम्यान सोडलेल्या सात नाविक उपग्रहांपैकी पहिल्याची तिन्ही अण्विक घड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ स्वदेशी रुबिडियम घड्याळासह स्थिरावला, तर जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. नव्या मालिकेत एल१ ही जादा लहर आहे, जी जगभरच्या स्वस्त चिपांना समजते. आधीच्या उपग्रहांच्या एल५ आणि एस या दोनच लहरींसाठी केलेल्या ग्राही यंत्रांना तिचा लाभ घेता येत नाही. आणि काही तांडेल एका वेगळ्याच कारणाने साशंक आहेत. मासळीची जागा हे त्यांचे पिढीजात गुपित, आणि ट्रान्सपॉन्डर तर दर थोड्या वेळाने नौकेची जागा किनाऱ्याला कळवत राहतो. त्याची तार ज्या फ्यूजवर आहे, तो फ्यूज तांडेलाच्या हाताशीच असतो.