ध्वनीची भिंत आणि ‘मारुत’चे इंजिन

विमानाचा इतिहास सांगायचा म्हटला की राइट बंधूंपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. वाचकहो, या लेखात त्या पद्धतीला फाटा द्यावयाचा आहे. १७ डिसेंबर १९०३ ही तारीख आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे व ती त्यांना तोंडपाठही असते. पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही तो इतिहास पुढचा आहे. तो नव्या विमानात पहिल्यांदा बसणाऱ्या माणसांचा आहे आणि त्यांच्यामागे कारखान्यात उभ्या असलेल्या, नाव न झालेल्या माणसांचाही आहे. त्याचा एक मोठा अध्याय आपल्या देशात, बंगळूरला घडला. पण तेथे पोहोचण्यापूर्वी ‘ध्वनीची भिंत’ म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे.

आवाज हवेतून समुद्रसपाटीला ताशी सुमारे १२२५ किलोमीटर वेगाने जातो. उंचावर हवा थंड असते म्हणून तेथे तो थोडा हळू जातो, सुमारे १०६० किलोमीटरने. आता बाजारातली अरुंद गल्ली डोळ्यांसमोर आणा. हातगाडीवाला ‘सरका, सरका’ ओरडत येतो आणि लोक बाजूला होतात. त्याचा आवाज त्याच्या आधी पोहोचतो म्हणून वाट मिळते. विमानाचेही तसेच आहे. ते पुढच्या हवेला दाबाची सूचना देत जाते व हवा बाजूला सरते. ही सूचना जाते आवाजाच्याच वेगाने. विमानाने तोच वेग गाठला की सूचना आधी पोहोचतच नाही. हवा पुढे तुंबते, तिचा आघात-तरंग तयार होतो आणि पंखांना, शेपटीला हादरे बसू लागतात. या वेगाला ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या नावावरून ‘मॅक एक’ म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पंख्याची लढाऊ विमाने उंचावरून सूर मारू लागली तेव्हा वैमानिकांना याचा पहिला अनुभव आला. विमान सरळ जमिनीकडे निघालेले असे आणि हातातला दांडा दगडात रोवल्यासारखा हलेनासा होई. अमेरिकेच्या ‘लाइटनिंग’ विमानाची चाचणी घेताना राल्फ व्हर्डन हा वैमानिक १९४१ साली मरण पावला. इंग्लंडमधले प्रसिद्ध विमान-कारखानदार सर जेफ्री डी हॅविलंड यांचे तर दोन मुलगे विमानांच्या पायी गेले. जॉन १९४३ साली हवेतल्या टकरीत गेला. थोरला, वडिलांच्याच नावाचा जेफ्री, २७ सप्टेंबर १९४६ रोजी ‘डीएच-१०८’ हे बिनशेपटीचे जेट विमान वेगाने नेत असताना टेम्स नदीच्या मुखावर ते हवेतच मोडून गेला. या अपघातांमुळे ‘भिंत’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. आवाजाच्या पलीकडे माणूस जाऊच शकत नाही, असे म्हणणारे शहाणेही निघाले.

इंग्रजांकडे तेव्हा ‘माइल्स एम-५२’ नावाचा एक आराखडा होता. शेपटीवरची छोटी पट्टी हलवण्याऐवजी शेपटीचा सबंध आडवा पंखच हलवायचा, अशी त्यात योजना होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने ते काम बंद केले. पुढे त्याच आकाराचे छोटे बिनमाणसाचे रॉकेट-मॉडेल १९४८ साली मॅक १.३८ पर्यंत गेले. म्हणजे गणित चुकलेले नव्हते, धीर सुटला होता. त्या शेपटीच्या कल्पनेचे श्रेय कोणाचे, यावर इंग्रज आणि अमेरिकन यांचा वाद अजून चालू आहे.

अमेरिकेच्या ‘बेल एक्स-१’ विमानाचा आकार बंदुकीच्या गोळीवरून घेतला होता, कारण गोळी आवाजापेक्षा वेगाने जाऊनही डगमगत नाही हे ठाऊक होते. त्यात अल्कोहोल आणि द्रवरूप प्राणवायूवर चालणारे चार नळ्यांचे रॉकेट-इंजिन होते. इंधन इतके थोडे पुरे की जमिनीवरून उडण्यात ते खर्च करणे परवडणारे नव्हते. म्हणून ‘बी-२९’ बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली टांगून ते वर नेत आणि तेथून सोडून देत. वैमानिक होता चक येगर, वय २४, कॉलेजची पायरी न चढलेला. चाचण्या घेताना मॅक ०.९४ ला शेपटीवरची पट्टी निकामी होते असे आढळले. तेव्हा त्याचा सहकारी इंजिनियर जॅक रिडली याने सुचविले की पट्टी विसरा आणि सबंध आडवा पंख हलवा. येथेही तीच युक्ती कामाला आली.

ठरलेल्या उड्डाणाच्या दोन रात्री आधी येगर घोड्यावरून पडला आणि त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. वरिष्ठांना कळले असते तर दुसऱ्याला पाठवले असते, म्हणून त्याने ते लपवले. पण विमानाचे दार आतून ओढून लावायला उजवा हात उचलेना. रिडलीने झाडूच्या दांड्याचा एक तुकडा कापून दिला. डाव्या हाताने त्या दांड्याची तरफ करून त्याने दार लावले आणि १४ ऑक्टोबर १९४७ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर, सुमारे ४३ हजार फुटांवर, मॅक १.०६ चा वेग गाठला. विमानविद्येच्या इतिहासात झाडूच्या दांड्याला मिळालेले हे एकमेव मानाचे स्थान असावे! पलीकडे गेल्यावर हादरे थांबले आणि विमान संथ चालू लागले. भिंत अशी नव्हतीच.

त्यानंतरचा वीस वर्षांचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेक आकड्यांचा आहे. ‘एक्स-१५’ या रॉकेट-विमानातून विल्यम नाइट याने ३ ऑक्टोबर १९६७ रोजी मॅक ६.७, म्हणजे ताशी सुमारे ७२७४ किलोमीटर वेग गाठला. माणूस बसलेल्या पंखांच्या विमानासाठी इंजिनाच्या बळावर गाठलेला तो वेग आजही कोणी ओलांडलेला नाही. पुढच्याच महिन्यात त्याच जातीच्या विमानात मायकेल अॅडम्स मृत्यू पावला.

आता बंगळूरला या. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० साली तेथे विमानाचा कारखाना उभा केला, तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. या कारखान्याला भारतीय बुद्धीचे पहिले विमान दिले ते कोल्हापूर भागातल्या एका मराठी माणसाने. डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. घाटग्यांच्या आराखड्याचे ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान १९५१ साली उडाले. आपल्या मुलांना येगरचे नाव ठाऊक असते, घाटग्यांचे नसते. त्यात मुलांचा दोष नाही.

त्यानंतर सरकारने मोठी उडी घ्यायचे ठरवले. आवाजापेक्षा वेगवान लढाऊ विमान आपणच बनवायचे! १९५६ साली कुर्ट टँक हे जर्मन अभियंते आपल्या सहकाऱ्यांसह भारतात आले. महायुद्धातले गाजलेले ‘फॉके-वुल्फ १९०’ हे विमान त्यांचेच. युद्धानंतर ते अर्जेंटिनात विमाने करीत होते, तेथील राज्य पालटल्यावर इकडे आले. त्यांनी आखलेल्या ‘एचएफ-२४’ विमानाला ‘मारुत’ हे नाव मिळाले. कारखान्याजवळ अशा कामाचा अनुभव थोडा होता, तरीही काम कसे झाले पाहा. आधी पूर्ण आकाराचे लाकडी, बिनइंजिनाचे विमान बनवले. ते डाकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून वर नेत आणि सोडून देत. १९५९ पासून अशी पाऊणशेहून अधिक उड्डाणे झाली. मग १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरे मारुत उडवले.

विमान देखणे होते आणि वैमानिकांच्या मते हाताला गोड होते. अडचण एकच होती, पण ती पोटातली होती. टँक यांनी हे शरीर आखले होते ते ब्रिटिश ‘ऑर्फियस-१२’ या इंजिनांच्या जोडीसाठी. प्रत्येकी आठ हजार पौंडांहून अधिक जोर देणारी ही इंजिने असती तर विमान मॅक दोनच्या जवळ गेले असते. परंतु हे इंजिन कागदावरून पूर्णत्वाला गेलेच नव्हते. युरोपातले गिऱ्हाईक मागे हटले तेव्हा इंग्लिश कंपनीने भारताला सांगितले की विकासाचा खर्च तुम्ही उचला. आपल्या सरकारने नकार दिला. मग ‘नॅट’ विमानासाठी बंगळूरला बनत असलेल्या लहान ऑर्फियसच्याच जातीचे, ४८५० पौंड जोराचे इंजिन बसवावे लागले. मॅक दोनसाठी आखलेले विमान सरळ उड्डाणात मॅक एकपाशी येऊन अडखळू लागले.

सरकारला दोष देणे सोपे आहे. परकीय चलनाची तेव्हाची चणचण वडीलधाऱ्यांना आठवत असेल. धान्यासुद्धा बाहेरून आणावे लागत होते. तरीही माझ्या मते ती काटकसर महाग पडली. घर बांधायला काढावे आणि चुलीचे पैसे वाचवावेत, तसे झाले. पुढची दहा वर्षे देश मारुतसाठी इंजिन शोधत हिंडला. सोव्हिएत इंजिन तपासले, ते जमले नाही.

या शोधात आपण पोहोचलो इजिप्तमध्ये. कैरोजवळ हेलवान येथे विली मेसरश्मिट या दुसऱ्या नामवंत जर्मन अभियंत्याचे ‘एचए-३००’ हे छोटे लढाऊ विमान तयार होत होते. त्यासाठी ‘ई-३००’ हे इंजिन करीत होते ऑस्ट्रियाचे फर्डिनांड ब्रँडनर. हे गृहस्थ युद्धकैदी म्हणून सोव्हिएत रशियात वर्षानुवर्षे इंजिने बनवून आलेले! इजिप्तकडे विमान व इंजिन दोन्ही आकाराला येत होते, पण अनुभवी चाचणी वैमानिक नव्हता. आपल्याकडे वैमानिक होते, इंजिन नव्हते. नेहरू आणि नासेर यांच्या मैत्रीच्या काळात हा मेळ बसला. ७ मार्च १९६४ रोजी ‘एचए-३००’ पहिल्यांदा उडाले ते भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांच्या हातून. आपले एक मारुत हेलवानला नेण्यात आले. त्यात एका बाजूला ऑर्फियस व दुसऱ्या बाजूला ‘ई-३००’ बसवून १९६७ च्या मार्चमध्ये ते उडवले. इंजिन चालले. तीनच महिन्यांनी जूनचे युद्ध झाले, इजिप्तची तिजोरी रिकामी झाली आणि १९६९ साली सगळे काम गुंडाळावे लागले.

मग बंगळूरच्या आपल्याच अभियंत्यांनी जुन्या ऑर्फियसच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवण्याचा प्रयत्न केला. असे बदललेले मारुत घेऊन १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास, आता ग्रुप कॅप्टन, निघाले. धावपट्टी सोडताच विमान कोसळले व ते मरण पावले. बंगळूरमधल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्यावरून रोज हजारो लोक जातात.

एवढे होऊनही मारुत निरुपयोगी ठरले नाही, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतांनी दोन आठवड्यांत तीनशेहून अधिक फेऱ्या केल्या. हवेतल्या लढाईत एकही मारुत पडले नाही. जमिनीवरच्या तोफांनी एक इंजिन निकामी केल्यावर दुसऱ्या इंजिनावर घरी परतण्याचे प्रसंगही घडले. एकूण १४७ मारुते बनली आणि १९९० पर्यंत ती हवाई दलातून निघून गेली. तोवर मॅक दोनची जागा ‘मिग-२१’ ने घेतली होती. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली कारखाना निघाला तो याच मिगसाठी. मिग परवान्याने बनत होते, आराखडा परक्याचा होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ला निरोप देण्यात आला.

विद्यार्थी मित्रांनो, इंजिनच इतके अवघड का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. जेट इंजिनाच्या पोटात जळलेला वायू ज्या पात्यांवर आदळतो ती पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. वायूचे तापमान पात्यांची धातू वितळेल त्याहूनही अधिक असते. पाती वितळत नाहीत, कारण आतून केसासारख्या बारीक वाटांनी थंड हवा खेळवलेली असते, आणि उत्तम पाते तर धातूच्या एकाच स्फटिकातून ओतलेले असते. ही विद्या जगात मोजक्याच देशांजवळ आहे व त्यांपैकी कोणीही ती विकायला सहजी तयार नसते. पालकांना येथे एक विनंती. मुलगा किंवा मुलगी ‘पायलट होणार’ म्हणाली की आपण हरखतो. ‘धातुशास्त्र शिकणार’ म्हणाली तर ‘त्यात पुढे काय?’ असे विचारतो. मारुतला वैमानिक कधी कमी पडले नाहीत.

त्यानंतर ४ जानेवारी २००१ रोजी ‘तेजस’ उडाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या कारखान्यातूनही नव्या जातीचे पहिले तेजस वर गेले. त्याच्यासाठी देशात ‘कावेरी’ इंजिनाचे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काढलेले होते. तेजसमध्ये बसले आहे ते अमेरिकन इंजिन.

जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइम येथे जुन्या विमानतळावर विमानांचे एक संग्रहालय आहे. तेथे इजिप्तचे ‘एचए-३००’ आहे आणि आपले एक मारुतही आहे. पाहायला येणारे बहुतेक जर्मन असतात. टँक आणि मेसरश्मिट ही नावे त्यांना ओळखीची असतात.