दोन स्क्रूंवरची कवळी

म्हातारपणी दात जाणारच, असं आपण वऱ्हाडात धरूनच चालतो. मग ज्वारीची भाकर दुधात कुस्करून खायची. कवळी केली तरी खालची टिकत नाही, कारण दात गेले की जबड्याचं हाड झिजतं. ती जिभेसरशी हलते आणि शेवटी डबीत पडून राहते.

1952 च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रेनमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. आत बसवलेलं टायटॅनियम हाडानं असं धरलं, की निघेचना! 1965 साली त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्यालाच आपण इम्प्लांट म्हणतो. पुढे 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले. त्यांनी सांगितलं, खालच्या बोळक्या जबड्यासाठी दोन इम्प्लांट आणि त्यांवर काढता-घालता येणारी कवळी, हाच पहिला पर्याय समजावा.

दोनच! 'सर्वोत्तम काय' हे न विचारता त्यांनी 'किती पुरे' हे विचारलं. हा न्यायाचा प्रश्न आहे. मोतीबिंदूचं भिंगही एकेकाळी महागच होतं. 1992 पासून मदुराईच्या ऑरोलॅबनं ते स्वस्तात बनवलं, आणि ते गरिबांपर्यंत पोचलं. म्हातारीला दिसायला हवं, हे आपल्याला पटलं. तिला चावताही यायला हवं, हे कधी पटणार?