आमसूल आणि अंगावर उठणारे पित्त

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसूल पाण्यात कोळून ते पाणी अंगाला चोळायचे आणि थोडे प्यायलाही द्यायचे, हा उपचार कोकण, गोवा आणि तेथून देशावर गेलेल्या कुटुंबांत इतका रुळलेला आहे की त्याचे मूळ आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत असावे असे सहज गृहीत धरले जाते. ग्रंथ मात्र या समजुतीला फारसा दुजोरा देत नाहीत. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या विकारांना स्वतंत्र अध्याय दिलेला असून, गार वाऱ्याच्या स्पर्शाने कफ व वात प्रकुपित होऊन पित्ताशी मिसळतात आणि त्वचेवर गांधीलमाशी चावल्यासारखी सूज येते, असे तेथे सांगितले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उदर्द शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण आहे, त्यात टेंभुरणी, चारोळी आणि बोर ही फळे आहेत, परंतु ज्याला सामान्यतः कोकम मानले जाते ते वृक्षाम्ल नाही. ते हृद्य, म्हणजे हृदयाला हितकर, अशा द्रव्यांत येते. सोळाव्या शतकातील भावप्रकाश तर कच्च्या वृक्षाम्लाला कफ आणि पित्त वाढवणारे ठरवतो. तेव्हा हा उपचार शास्त्राकडून घरात आला असे म्हणण्यापेक्षा, जेथे रातांबा पिकतो त्या किनारपट्टीच्या स्वयंपाकघरातच तो रुजला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या फळाची नोंद आहे, पण तिचा भर फळाचा आंबटपणा, रंगाऱ्यांकडील वापर आणि सालींपासून होणारे व्हिनेगर यांवर आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी औषधिग्रंथांनीही मुख्यतः बियांच्या तेलाचीच दखल घेतली. थंडीत फुटलेल्या ओठांना आणि टाचांच्या भेगांना कोकणात लावले जाणारे हे घट्ट तेल मलमांसाठी सोयीचे होते.

रसायनशास्त्राची पाळी बरीच उशिरा आली. गांधी उठताना त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन हे द्रव्य सोडतात, त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून फुगवटा व खाज येते. कोकमाच्या सालीतील लाल रंग देणारी अँथोसायनिने आणि गार्सिनॉल हे पिवळे द्रव्य, ज्याच्या रचनेवर म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी काम झाले, या दोहोंमध्ये पेशींवरील प्रयोगांत दाह कमी करण्याचे गुण दिसले आहेत. परंतु येथे एक भेद नजरेआड होतो: गार्सिनॉल स्निग्ध पदार्थांत विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून कोळलेल्या आमसुलाच्या पाण्यात प्रामुख्याने आम्ले आणि रंगद्रव्ये उतरतात, शिवाय आगळाची पुटे देऊन साली पुन्हा पुन्हा उन्हात वाळवताना रंगद्रव्यांचाही बराच ऱ्हास होतो. प्रयोगशाळेतील अर्काचा गुण जसाच्या तसा वाटीतल्या पाण्याच्या नावे लिहिणे म्हणूनच घाईचे ठरेल. त्यातच पित्ताची एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत आपोआप विरते, आणि त्या अवधीत अंगाला लावलेल्या कोणत्याही गार द्रव्याला बरे केल्याचे श्रेय मिळून जाते.